डाव्या बाजूचे पोचे

४ मार्च, सोमवार

सव्वीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्या बघत आले आणि आज पहिल्यांदा कुणीतरी मला मुद्दाम गाडी ठोकून दाखवली. विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून माझं काम सरळ होतं. अपघात झाला की जायचं, पत्रा बघायचा, आणि मालक जे सांगतोय ते पत्र्याला पटतंय का ते लिहायचं. आता मालक मोबाइलवरून फोटो पाठवतात, बाकीचं संगणक ठरवतो आणि माझ्यासारखीला घरी बसवतात. तेवढ्यात हे गेम बनवणारे लोक भेटले. त्यांच्या गेममध्ये जुन्या गाड्या गोल मैदानात फेऱ्या मारता मारता एकमेकींवर आदळतात. शेवटपर्यंत जी चालत राहील ती जिंकली. नाव अजून ठरलेलं नाही, ऑफिसात सगळे 'आखाडा' म्हणतात. धडक खरी दिसली पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि खरी कशाला म्हणायचं ते मी सांगायचं.

धडकांचं गणित बसवणारा एक मुलगा आहे, तिशीचा. मी त्याचं नाव मनातल्या मनात गणित्या ठेवलं. त्याला गाडी चालवता येत नाही, लायसन्सच काढलेलं नाही. त्याने मोठ्या अभिमानाने समोरासमोरची धडक दाखवली. मी म्हटलं, "बॉनेट छान दुमडलंस. पण एवढ्या धडकेनंतर दार कसं उघडतंय? पिळवटलेल्या गाडीचं दार उघडत नाही बाबा, कापावं लागतं." त्याने घाईघाईने लिहून घेतलं. सगळ्या गाड्यांच्या सीट रिकाम्या होत्या. ड्रायव्हर कुठाय विचारलं तर म्हणाला, "माणूस दाखवला की ठोकायला मजा येत नाही, मॅडम." हे मात्र मला लगेच पटलं. मी होकार दिला आणि आम्ही रेडिएटरकडे वळलो.

८ मार्च, शुक्रवार

आज आप्पांच्या गाडीतून ऑफिसला गेले, दवाखाना वाटेवरच आहे. आईचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. दीड वर्ष झालं. सकाळी सातला आप्पा गाडी काढतात, तिला आत सोडतात, चार तास बाहेरच्या बाकावर बसतात आणि बाराच्या सुमारास घेऊन येतात. मी नेते म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "तू तुझ्या मोडक्या गाड्या सांभाळ." चौतीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही. तसं प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत टांगलंय. निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ उरलंय ते हेच एक काम. आदल्या संध्याकाळी काच पुसतात, चाकांतली हवा बघतात, जणू डेपोतून गाडी निघायची आहे. हे काम काढून घेतलं तर आप्पा कशासाठी उठतील ते मला सुचत नाही.

दादाचा परवा फोन आला होता. दूर राहून त्याला काळज्या फार सुचतात. "शहात्तर वर्षांचा माणूस आजारी बाईला घेऊन रस्त्यावर फिरतोय आणि तू बघत बसलीस? बंद कर ते." मी म्हटलं, "तूच ये आणि बंद कर. सर्व्हेअर मी आहे, तू नाहीस. त्यांचा हात आजही तुझ्यापेक्षा स्थिर आहे."

आज मागच्या सीटवर बसून बघितलं, खरंच स्थिर आहे. वैताग आणते ती आई. त्यांच्या डाव्या हाताला बसते आणि तोंडाचा पट्टा सुरू. "स्कूटर आली हं. पुढे खड्डा आहे. अहो, तो पोरगा उतरतोय फुटपाथवरून." पूर्वी आप्पा खेकसायचे, गाडी तू चालवतेस की मी म्हणून. आता नुसतं हूं हूं करतात. वय झालं की माणूस मऊ होतो म्हणतात ते खरं असावं.

उतरताना डाव्या मागच्या दारावर ओरखडा दिसला. उंची बघितली, रेघ पुढून मागे गेलेली. उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलंय. आप्पा म्हणाले, "हो, असेल." संध्याकाळी वॉचमनला चांगलंच झापलं. तो म्हणत होता, "ताई, इथे नाही लागलेलं ते." उलट उत्तर ऐकून मला आणखीच राग आला.

११ मार्च, सोमवार

घरून तपासणी करायची म्हणून ऑफिसने यंत्र, स्टिअरिंग आणि पायाखालचे ब्रेक-क्लच सगळं दिलंय. जेवणाच्या टेबलाचा आखाडा झालाय. दुपारी आई नेहमीसारखी आतल्या खोलीत दार लोटून पडली होती. डायलिसिसच्या दिवशी ती चारपर्यंत बाहेर येत नाही. आप्पा पेपर हातात घेऊन माझ्या मागे घुटमळले. मी उठून खुर्ची दिली. बसल्या बसल्या त्यांचा हात खांद्याकडे गेला. पट्टा शोधत होते! जेवणाच्या खुर्चीला पट्टा कुठून असणार? दोघंही हसलो.

"ब्रेक फार हलका आहे," हा पहिला शेरा. मग निघाले आपले सावकाश, मैदानाच्या कडेकडेने. मी म्हटलं, "आप्पा, ठोकायचं असतं."

"कशाला? त्याने माझं काय बिघडवलंय?"

समोर पाच गाड्यांचा चुराडा चाललाय आणि आमचे आप्पा वळणावर इंडिकेटर शोधतायत. मी हसून हसून बेजार. पण तिसऱ्या फेरीत एक हिरवी गाडी डावीकडून आली आणि सरळ त्यांच्या दारात घुसली. "हा कुठून आला?" आप्पा म्हणाले. पुन्हा खेळले, पुन्हा तेच. तीनदा बाद, तिन्हीदा डावं दार. नोंद केली: संगणकाच्या गाड्या डावीकडूनच येतात की काय, बघायला हवं.

१२ मार्च, मंगळवार

आज आईची तब्येत बरी. विणकाम घेऊन आप्पांच्या डावीकडे स्टूल टाकून बसली आणि गाडीतला कारभार तिथेही सुरू. "तो निळा बघा, तो निळा! आला मेला तुमच्या अंगावर." दहा मिनिटांत तिने सगळ्या गाड्यांना नावं ठेवली. निळा तो दळभद्री, हिरवा तो उपटसुंभ.

आप्पा दोनदा जिंकले. कुणालाही धक्का न लावता! बाकीचे एकमेकांना संपवत राहिले आणि हे आपले कडेने फिरत शेवटपर्यंत उरले. ऑफिसात सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. असं कुणी खेळेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गणित्या तर त्यांना 'चॅम्पियन' म्हणायला लागलाय. घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी दुसरा चहा मागितला. फार बरं वाटलं मला.

१५ मार्च, शुक्रवार

पुन्हा तेच. आप्पा तीन डाव खेळले, तिन्हीत डावी बाजू भुईसपाट. रीतसर तक्रार लिहून पाठवली: संगणकाच्या गाड्या समोरून किंवा उजवीकडून जवळजवळ येतच नाहीत, हा खेळाडूवर अन्याय आहे. बुधवारी मी घरी नव्हते, पण आप्पांनी खेळून ठेवलेल्या डावांचं चित्रण यंत्रात असतं. तिथेही हेच दिसलं.

आप्पांच्या डाव्या खांद्यावर काळंनिळं झालंय. घरातल्या बोळातल्या दाराची चौकट लागली म्हणाले. त्या बोळात उजेडच नाही. मोठा दिवा आणून लावला.

१८ मार्च, सोमवार

गणित्याशी जुंपली. त्याने सगळ्या खेळाडूंच्या धडकांचा तक्ता उघडून दाखवला, चारी बाजूंना सारखं वाटप. "फक्त तुमच्याच यंत्रावर डावीकडे जास्त आहे, मॅडम."

"मग यंत्र बिघडलंय."

"यंत्र असं बिघडत नाही."

"मी सव्वीस वर्षं पत्रा वाचतेय. माणूस खोटं बोलेल, पत्रा बोलत नाही."

तो म्हणाला, "बघतो काहीतरी." हल्लीच्या मुलांना आपली चूक कबूल करायची म्हणजे जिवावर येतं. दुपारी घरी आप्पांचे पुन्हा दोन डाव गेले.

१९ मार्च, मंगळवार

झालं काम! आज आप्पा तीनपैकी तीन जिंकले, डाव्या दाराला नखभरही पोचा नाही. आई शेजारी बसून दळभद्र्याला शिव्या घालत होती. गणित्याला कळवलं, "दुरुस्ती छान झाली, शाबास." त्याने अंगठा पाठवला.

संध्याकाळी आई आप्पांना पेपर वाचून दाखवत होती. पन्नास वर्षांच्या संसारात असं प्रेम मी आत्ता बघतेय. पूर्वी पहिलं पान कुणी आधी वाचायचं यावरून दोघांची भांडणं व्हायची.

२० मार्च, बुधवार

कसली दुरुस्ती आणि कसलं काय. दुपारी आप्पा चार डाव खेळले, चारही वेळा डावीकडून धडक. शेवटच्या धडकेनंतर ते बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका, आप्पा, त्या मुलाने घोळ घातलाय." ते म्हणाले, "त्याला बोलू नकोस." मी तरी फोन करून चांगलं बोललेच.

२१ मार्च, गुरुवार

काय लिहू कळत नाही, पण लिहायला हवं.

यंत्र उचलून ऑफिसला घेऊन गेले होते. गणित्याच्या टेबलावर आपटलंच जवळजवळ. त्याने शांतपणे जोडलं. मग म्हणाला, "मॅडम, रागावू नका. मंगळवारी मी काहीच बदललं नव्हतं. तुम्ही खूश झालात म्हणून गप्प बसलो."

"काहीच नाही?"

"एक अक्षर नाही." मग त्याने विचारलं, "घरी हे चालवतं कोण? तुम्ही की चॅम्पियन?"

त्याने मलाच बसवलं. त्याच यंत्रावर मी दहा डाव खेळले. मागून ठोकलं, समोरून ठोकलं, उजवीकडून, डावीकडून. वाटप अगदी सारखं. गणित्याने पाणी आणून दिलं. सव्वीस वर्षं दर अपघाताला माझा पहिला प्रश्न एकच असायचा: गाडी कोण चालवत होतं? घरच्या टेबलावर मी तो विचारलाच नाही.

ही वही पिशवीत होती. कँटीनमध्ये जाऊन मागची पानं उलटली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सोमवार, बुधवार: डावं दार. मंगळवार, मंगळवार: काही नाही. मंगळवारी वेगळं काय होतं? आई होती. त्यांच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसलेली होती.

घरी आल्यावर वर न जाता आधी पार्किंगमध्ये गेले. आप्पांच्या गाडीच्या डाव्या अंगावरून हात फिरवला, दुसऱ्याच्या गाडीवरून फिरवते तसा. एक ओरखडा नाही, चार आहेत. वेगवेगळ्या वेळचे. त्यांपैकी तीन ओरखड्यांवर बारीक ब्रशने रंग लावलाय, इतका नेटका की फोटोत कधी दिसला नसता. उभ्या गाडीला कुणी घासलेलं नाही, चालती गाडी कशाला तरी घासलीय. नवशिक्या सर्व्हेअरलासुद्धा हे दोन मिनिटांत कळलं असतं. मला कळलं नाही कारण मला कळून घ्यायचं नव्हतं.

उद्या शुक्रवार. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, जाताना आणि येतानाही. स्वतः बघितल्याशिवाय मी लिहीत नाही. आत्ताच किल्ली मागायला हवी हेही समजतंय. पण माझ्याने मागवत नाही. चुकीचं असेल माझं, अशी आशा धरून बसलेय.

२२ मार्च, शुक्रवार

माझं चुकीचं नव्हतं.

सकाळी जाताना काहीच झालं नाही. आई टक्क जागी होती आणि तोंड सुरू होतं. आज पहिल्यांदा मी नीट ऐकलं. ती उजवीकडचं एकही अक्षर बोलत नाही. डावीकडची स्कूटर, डावीकडचा खांब, डावीकडून उतरणारी बाई. आप्पा हूं म्हणतात आणि तेवढीच गाडी उजवीकडे घेतात. दोघांचं इतकं सफाईदार चाललं होतं की मी क्षणभर विसरलेच मी कशाला आलेय ते.

येताना आईने पट्टा लावला, डोकं काचेला टेकवलं आणि दुसऱ्या सिग्नलच्या आत झोपली. तोंड उघडं, बारीक घोरणं. आप्पांनी अख्खी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि रेडिओ बारीक केला. मग गाडीचा वेग बैलगाडीएवढा झाला. मागचे हॉर्न वाजवत होते, शिव्या घालून पुढे जात होते. आप्पांच्या कपाळावर घाम होता. मी बोलायला हवं होतं. मी मोजत बसले, ते किती वेळा मान वळवतात ते. पुढे एका चौकात डावीकडे वळायचं होतं. एक मुलगी सायकलवर आमच्या डाव्या अंगाने सरळ येत होती, कॅरिअरला खोकं बांधलेलं. आप्पांनी स्टिअरिंग वळवलं.

"आप्पा, डावीकडे!"

ब्रेक लागला. मुलीने बॉनेटवर हात टेकवला, एक पाय जमिनीवर. आमच्याकडे असं बघितलं की ते तोंड मी विसरणार नाही. मग पेडल मारून निघून गेली. सायकल वळणापार गेल्यावर आई दचकून जागी झाली आणि म्हणाली, "सायकल, अहो, सायकल!"

आप्पांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, गिअर सोडला, इंजिन बंद केलं. सगळं शिस्तीत.

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही," मी म्हटलं.

"नाही दिसत."

"कधीपासून?"

"आठ-नऊ महिने झाले. एका सकाळी दाढी करायला उभा राहिलो तर आरसा अर्धाच."

आई माझ्याकडे वळली. "त्यांना काय विचारतेस सगळं, मी सांगते," असा तिचा आवेश होता, जरी कुणी तिला काही विचारलं नव्हतं. "मला ठाऊक आहे. मी आहे ना डावीकडे! आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर आहोत. नऊ महिन्यांत कुणाला खरचटलं तरी का?"

"आई, येताना तू झोपतेस."

"मी? मी नुसते डोळे मिटते."

"तू घोरतेस."

तिने आप्पांकडे बघितलं. आप्पा समोर बघत होते. "अहो, मी झोपते?"

"दुसऱ्या सिग्नलच्या आत."

"रोज?"

"रोज."

"मग मला उठवायचं नाही?"

आप्पा म्हणाले, "त्या सुया निघाल्यावर तेवढाच अर्धा तास तुला झोप लागते गं. घरी गेलीस की पायात गोळे येतात, अंगाला खाज सुटते, नुसती पडून असतेस तळमळत. कितीदा हात पुढे केला उठवायला. नाही उठवलं. म्हटलं, हळू जाऊ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणून तर तुझा तो आखाडा खेळत होतो. मान वळवायची सवय लागते का बघत होतो. एकटा असताना एकदाही जिंकलो नाही मी."

मला रडू आलं. आईला नाही आलं. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "चावी."

"हळूच तर चालवतो—"

"चावी द्या. मी आज ना उद्या जायचीच आहे. पण ती पोर चाकाखाली आली असती तर तुम्ही एक दिवस जगला नसतात. मी ओळखते तुम्हाला."

आप्पांनी चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती मला न देता आधी घट्ट मुठीत धरली आणि जरा वेळाने मागे सरकवली. उरलेल्या रस्त्यात गाडी मी चालवली. आप्पा मागे बसले.

२३ मार्च, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डोळे ठीक आहेत म्हणाल्या. मेंदूत कधीतरी लहानसा झटका येऊन गेलाय, दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी बाजू त्याने नेली. परत यायची नाही. मेंदूच्या डॉक्टरला लगेच दाखवा म्हणाल्या, मंगळवारची वेळ मिळाली. आप्पांनी एकच विचारलं, "गाडी?" डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. आप्पा "बरं" म्हणाले, खुर्चीतून उठले आणि दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. या वेळी मी तो आपटताना बघितला. इतके दिवस एकाच घरात राहून मी काय बघत होते, देव जाणे.

२४ मार्च, रविवार

वॉचमनची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. आजोबांनी मला सांगू नको म्हटलं होतं." म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्या इमारतीत आंधळी मी एकटीच.

दादाला फोन केला. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणेल म्हणून तयारीत होते. तो म्हणाला नाही. विचारलं, "आप्पा जेवले का?" मी म्हटलं, अर्धवट.

ऑफिसला तक्रार मागे घेतल्याचं कळवलं. कारण लिहिलं: तपासणाऱ्याची चूक. गणित्याने उलट विचारलं की चॅम्पियन अजून खेळतील ना. आप्पांना विचारलं तर म्हणाले, नको. आई आतून ओरडली, "खेळा की! तिथे कोण मरतंय?" ते हसले नाहीत. सोमवारी डायलिसिसला आईला मी नेणार म्हटल्यावर म्हणाले, मग मी घरीच थांबतो, माझं काय काम. याच वाक्याची मला इतके महिने भीती होती. आईने विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाहेर बाकावर कोण बसणार मग? तो बाक काय माझा आहे?"

२५ मार्च, सोमवार

पहाटे उठून आप्पांनी काच पुसलीच. हवाही बघितली. मग चावी माझ्या हातात आहे हे आठवून बाजूला उभे राहिले. आई सवयीने पुढच्या सीटकडे गेली. आप्पा म्हणाले, "मागे बस माझ्याजवळ." ती डावीकडच्या दाराने चढायला लागली तर त्यांनी अडवलं. "तिकडे नको. उजवीकडे बस, म्हणजे दिसशील."

जाताना आप्पांनी माझ्या गाडी चालवण्यातल्या तीन चुका काढल्या. मला फार हायसं वाटलं. दवाखान्यात ते नेहमीच्या बाकावर बसले, मी शेजारी. चार तासांत आम्ही दोन वेळा चहा घेतला आणि एक पेपर मी त्यांना वाचून दाखवला.

येताना आईने जाहीर केलं की आज मी मुळीच झोपणार नाही. दुसरा सिग्नल यायच्या आत तिचं डोकं आप्पांच्या खांद्यावर गेलं. मला वाटलं, आता आप्पांची माझ्या क्लचवर टीका सुरू होणार. काहीच आवाज नाही. आरशात बघितलं. ते रस्त्याकडे बघतच नव्हते. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना चालत्या गाडीत रस्त्याकडे न बघता बसलेलं बघितलं. ते आईकडे बघत होते. तिचा हात त्यांनी मांडीवर घेतला होता, सुया टोचून टोचून गाठी आलेला तो हात, आणि मनगटाभोवती अंगठा आणि बोट जुळवून बघत होते. जुळून वर बरीच जागा उरत होती.

मोठ्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते हळूच म्हणाले, "अगं, किती वाळलीय ही. कधी झालं हे?"

मी म्हटलं, "दीड वर्षात झालं, आप्पा. हळूहळू."

"आठवड्यातून तीनदा नेत होतो तिला मी," ते म्हणाले. "डाव्या हाताला, शेजारीच तर बसायची."

दिवा हिरवा झाला. आई उठू नये म्हणून मी क्लच अगदी सावकाश सोडला.